हायड्रोजन बंध कधी पिवळे, कधी निळे, कधी गायब: रेघांच्या रंगांचा घोळ कसा सोडवायचा

प्रथिनात बसलेल्या लिगंडचं (त्याला चिकटणाऱ्या छोट्या रेणूचं) चित्र पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केलं की हायड्रोजन बंध (हायड्रोजनमुळे दोन अणूंत होणारं क्षीण आकर्षण) पिवळे येतात. तीच फाइल कायमेराएक्समध्ये उघडली की आकाशी निळे दिसतात, डिस्कव्हरी स्टुडिओत हिरवे. मग थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात एक रंग आणि पाचव्यात दुसरा अशी अवस्था होते आणि परीक्षक विचारतात, "या रेघा नक्की कसल्या?" हा घोळ दर काही महिन्यांनी नव्याने समोर येतो, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत सुटतो. अट एकच, शोध योग्य क्रमाने घ्यायचा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. अणूंच्या रंगांना परंपरा आहे. कोरी आणि पॉलिंग यांची १९५३ची प्रारूपं आणि कोल्टुन यांनी १९६५मध्ये त्यात केलेल्या सुधारणा, यांवरून पडलेलं सीपीके हे नाव आजही चालतं: ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, हायड्रोजन पांढरा, कार्बन काळा किंवा करडा. हायड्रोजन बंधाला असा ठरलेला रंग नाही. आययूपीएसीने (रसायनशास्त्रातली नावं आणि व्याख्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०११मध्ये हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. त्या कार्यगटाचे अध्यक्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन होते. त्या व्याख्येतही बंध तीन ठिपक्यांनी दाखवला आहे, रंगाबद्दल काही नाही. म्हणजे पिवळा 'बरोबर' आणि निळा 'चूक' असं काही नसतं. चूक वेगळीकडे असते: रेघ भलत्याच गोष्टीची असते, नाहीतर रंगाचा अर्थ वाचकाला सांगितलेला नसतो.

खाली कमांडी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची, आणि जिथे अंडरस्कोर दाखवला आहे तिथे तो तसाच द्यायचा.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कोणती ते आधी ओळखा:

- त्याच रचनेच्या दोन चित्रांत बंधांचे रंग वेगळे आहेत.
- काळ्या पडद्यावर ठळक दिसणाऱ्या रेघा पांढऱ्या पानावर जवळजवळ नाहीशा होतात.
- रंग बदलायची कमांड दिली, चूक दाखवली नाही, पण रंग तसाच राहिला. किंवा रेघ बदलली आणि तिच्यावरचा आकडा जुन्याच रंगात राहिला.
- एकच रेघ अर्धी निळी, अर्धी लाल दिसते.
- न सांगता काही रेघा नारिंगी, किंवा हेलिक्समधल्या (साखळीच्या सर्पिल भागातल्या) लाल आणि बाकीच्या पिवळ्या आल्या.
- एका प्रोग्रॅममध्ये भरपूर बंध दिसतात, दुसऱ्यात एकही नाही.
- पडद्यावर ठीक दिसतं, छापल्यावर रंग मळकट होतो.

पहिली तपासणी: हा रंग कुणाचा? (वेळ अर्धा मिनिट, खर्च शून्य)

चित्र कोणत्या प्रोग्रॅममध्ये तयार झालं ते शोधा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, कारण प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ रंग वेगळा असतो आणि कुणीतरी तो न बदलता चित्र पुढे पाठवलेलं असतं.

पायमॉलमध्ये 'पोलर कॉन्टॅक्ट्स' शोधले की पिवळ्या तुटक रेघा येतात. कायमेराएक्सची एचबॉन्ड्स कमांड आकाशी निळ्या तुटक रेघा काढते. मोलस्टारमध्ये (आरसीएसबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर रचना दिसते ती यातच) हायड्रोजन बंध गडद निळसर आणि क्षीण हायड्रोजन बंध अगदी फिका निळा असतो. लिगप्लॉट प्लसच्या सपाट आकृतीत हिरवी तुटक रेघ आणि तिच्यावर अंतर असतं. जलविरोधी (पाणी टाळणाऱ्या भागांमधले) संपर्क तिथे पापण्यांसारख्या लाल कमानींनी दाखवतात. डिस्कव्हरी स्टुडिओत नेहमीचा हायड्रोजन बंध हिरवा, कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनचा बंध फिका हिरवा. मॅस्ट्रोच्या त्रिमितीय खिडकीत पिवळी तुटक रेघ, पण त्याच्याच सपाट लिगंड-आकृतीत जांभळट बाण. पीएलआयपी या साधनात हायड्रोजन बंध निळा आणि सलग असतो. तिथे तुटक रेघा जलविरोधी संपर्क आणि क्षारसेतू वगैरेंसाठी राखलेल्या आहेत. 'तुटक म्हणजे हायड्रोजन बंध' हा समज इथे सपशेल फसतो.

ही तपासणी सगळ्यात आधी का, तर तोच रंग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगळीच गोष्ट सांगतो. पिवळी रेघ पायमॉलमध्ये हायड्रोजन बंध, तर पीएलआयपी आणि मोलस्टारमध्ये आयनी आकर्षण म्हणजे क्षारसेतू. हिरवी रेघ लिगप्लॉटमध्ये हायड्रोजन बंध, पण पीएलआयपी आणि मोलस्टारमध्ये हिरवा रंग सुगंधी वलयांच्या पाय-स्टॅकिंगचा, म्हणजे वलयं एकमेकांवर रचली जाण्याचा. लाल रेघ तर सगळ्यात धोक्याची. आवडीखातर पायमॉलमध्ये बंध लाल केले आणि शेजारी डिस्कव्हरी स्टुडिओची आकृती लावली, तर वाचक लाल म्हणजे प्रतिकूल संपर्क असंच वाचणार, कारण त्या प्रोग्रॅममध्ये लाल रंग त्यासाठीच आहे. एकाच लेखात दोन प्रोग्रॅमची चित्रं असतील तर एकाच अर्थाला एकच रंग द्या आणि आकृतीखालच्या ओळीत तो लिहा. 'तुटक निळ्या रेघा: हायड्रोजन बंध' एवढं पुरतं.

दुसरी तपासणी: ती रेघ हायड्रोजन बंधाची आहे का? (दोन मिनिटं)

हे पाहिल्याशिवाय रंगाला हात लावू नका. तुटक रेघ अनेक कारणांनी येते. कायमेराएक्समध्ये साखळीचा जो तुकडा फाइलमध्ये नाही त्याच्या दोन टोकांनाही तुटक रेघ जोडते, आणि धातूच्या अणूशी असलेले समन्वय बंध जांभळट तुटक रेघांनी दिसतात. झिंक असलेल्या एन्झाइमच्या चित्रात हिस्टिडीनकडून झिंककडे गेलेल्या रेघा हायड्रोजन बंध म्हणून मोजल्या जातात. ही चूक फार जणांच्या हातून होते. पायमॉलमध्ये मापन-विझार्डने मोजलेलं साधं अंतर आणि पोलर कॉन्टॅक्ट दोन्ही पिवळ्या तुटक रेघाच असतात, डोळ्यांनी फरक कळत नाही.

म्हणून उजवीकडच्या यादीत वस्तूचं नाव वाचा. पायमॉल शोधलेल्या बंधांच्या वस्तूला 'पोलर कॉन्ट्स' असं शेपूट जोडतो, तर हाताने मोजलेल्या अंतरांना वेगळं नाव असतं. कायमेराएक्समध्ये मॉडेल्सच्या पट्टीत हायड्रोजन बंध, धातूचे बंध आणि गाळलेला भाग या तीन वेगळ्या ओळी असतात. एकेक ओळ बंद करून बघा, कोणत्या रेघा जातात ते लगेच कळतं.

मग दोनतीन रेघांची लांबी वाचा. नायट्रोजन-ऑक्सिजन किंवा ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतर साधारण २.७ ते ३.२ अँगस्ट्रॉम असेल तर गोष्ट पटण्यासारखी आहे. आकडा १.९च्या आसपास असेल तर घाबरू नका, रेघ हायड्रोजन अणूपासून सुरू झालेली असते. २.०च्या जवळ आणि दोन्ही टोकांना गंधक असेल तर तो डायसल्फाइड, म्हणजे सहसंयुज बंध.

हा शेवटचा गोंधळ जवळून बघायचा असेल तर क्रॅम्बिन घ्या, पीडीबी (प्रथिन-रचनांचा जागतिक संग्रह) क्रमांक १सीआरएन. छोटं प्रथिन आहे, ४६ रेसिड्यूंचं (म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांचं), आणि त्यात तीन डायसल्फाइड आहेत: ३ आणि ४०, ४ आणि ३२, १६ आणि २६ या सिस्टीन नावाच्या, गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये. पायमॉलमध्ये उघडा, स्टिक्स (बंधांच्या काड्या) दाखवा, मग 'अ‍ॅक्शन'मधून 'फाइंड', 'पोलर कॉन्टॅक्ट्स', 'विदिन सिलेक्शन'. आता १ ते ४ आणि ३२ ते ३५ या दोन धाग्यांच्या पदरापाशी झूम करा. गंधकाच्या काड्या पिवळ्या, बंधांच्या रेघा पिवळ्या, आणि दोन्ही एकमेकींना खेटून. चित्र लहान करून दोन कॉलमच्या पानात बसवलं की तुटक आणि सलग यांतला फरकही जातो. सिस्टीन असलेल्या रचनेत पायमॉलचा मूळ पिवळा ठेवायचा नाही, हा आमचा ठाम सल्ला.

तिसरी तपासणी: पार्श्वभूमी आणि धुकं

शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट सुमारे १.०७ ला १, तोच काळ्याशी १९.५६ ला १. एवढ्या फरकात सगळं आलं. काळ्या खिडकीत काम करून शेवटी पार्श्वभूमी पांढरी केली की पिवळ्या रेघा मावळणारच. कायमेराएक्सचा आकाशीही पांढऱ्यावर जेमतेम २.१ ला १ भरतो. वेबवरच्या आकृत्यांसाठी किमान ३ ला १ असावा असा दंडक आहे. गडद निळा, लाल ०, हिरवा ११४, निळा १७८ या आकड्यांचा, पांढऱ्यावर ५.२ ला १ भरतो. हाच रंग आम्ही नेहमी सुचवतो. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही तो नीट दिसतो, आणि मोलस्टार-पीएलआयपीच्या निळ्याशी मेळही खातो.

एक अडचण मात्र आहे: नायट्रोजनही निळाच असतो. रेघ थोडी जाड आणि तुटक ठेवली की ती नायट्रोजनच्या काडीपासून वेगळी दिसते. तरीही लिगंडमध्ये नायट्रोजन फार असतील तर काळा किंवा गडद करडा घ्या. काळी तुटक रेघ पांढऱ्या पानावर कधीच दगा देत नाही. पांढरी तुटक रेघ काळ्या स्लाइडवर चालते, फक्त हायड्रोजनच्या पांढऱ्या काड्या लपवलेल्या असायला हव्यात.

रेघ पुढे गडद आणि मागे फिकी होत असेल तर तो रंगाचा दोष नाही, खोली दाखवणारं धुकं आहे. मागच्या वस्तू पार्श्वभूमीच्या रंगात मिसळत जातात. पायमॉलमध्ये 'सेट डेप्थ_क्यू, ०' आणि अंतिम चित्रासाठी 'सेट रे_ट्रेस_फॉग, ०'. कायमेराएक्समध्ये 'लायटिंग डेप्थक्यू फॉल्स'. व्हीएमडी या आणखी एका प्रोग्रॅमच्या डिस्प्ले मेनूतलं डेप्थ क्यूइंग बंद करा. ही तपासणी आधी उरकायची, कारण धुकं चालू ठेवून निवडलेला रंग धुकं गेल्यावर भडक वाटतो आणि पुन्हा निवडावा लागतो.

चौथी तपासणी: पायमॉलमध्ये रंग बदलतच नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. पायमॉलमध्ये रेघांच्या रंगाचे तीन मालक असतात आणि वरचा मालक खालच्याला दाबतो.

सगळ्यात खाली त्या वस्तूचा स्वतःचा रंग. तो 'कलर' कमांडने किंवा यादीतल्या 'सी' बटणाने बदलतो. त्याच्यावर 'डॅश_कलर' ही सर्वसाधारण सेटिंग. तिचं मूळ मूल्य 'डीफॉल्ट' असतं, म्हणजे ती काही बोलत नाही, वस्तूचा रंग चालू देते. आणि सगळ्यात वर त्याच 'डॅश_कलर'ची एखाद्या वस्तूपुरती दिलेली सेटिंग.

आता लक्षणं जुळवा. 'कलर' दिला, अंतराचा आकडा बदलला पण रेघ तशीच: कुणीतरी 'डॅश_कलर' लावून ठेवला आहे. 'सेट डॅश_कलर, डीफॉल्ट' द्या. 'सेट डॅश_कलर' दिला, बाकीच्या वस्तू बदलल्या पण एकच अडून बसली: तिच्यावर स्वतंत्र सेटिंग आहे. 'अनसेट डॅश_कलर,' आणि पुढे त्या वस्तूचं नाव. रेघ निळी झाली पण आकडा पिवळा राहिला: दोष नाही, आकडा वस्तूचा रंग घेतो आणि तुम्ही फक्त रेघेचा बदलला. आकडे नको असतील तर 'हाइड लेबल्स' आणि वस्तूचं नाव.

दर वेळी पायमॉल उघडल्यावर रंग आपोआप बदललेला दिसत असेल, आणि तो फक्त एकाच संगणकावर, तर फाइल मेनूतून पायमॉलआरसी फाइल उघडा. कुणीतरी वर्षांपूर्वी तिथे एक ओळ लिहून ठेवलेली असते. जुनं सेशन उघडलं की त्यातल्या सेटिंगही सोबत येतात, म्हणून तुलना करायची असेल तेव्हा मूळ पीडीबी फाइल नव्या, रिकाम्या खिडकीत उघडा.

आणखी एक खोड. 'डिस्टन्स' कमांड त्याच नावाने पुन्हा दिली तर जुनी मापं पुसत नाही, नवी त्यांत भर घालते. निवड बदलून पुन्हा बंध शोधले की जुन्या आणि नव्या रेघा एकत्र दिसतात, आणि वाटतं की रंगाची कमांड अर्ध्याच रेघांवर लागली. आधी वस्तू डिलीट करा, मग शोधा.

नीट काम करणारा क्रम असा:

१. जुनी बंध-वस्तू डिलीट.
२. 'डिस्टन्स एचबी,' पुढे लिगंडची निवड, स्वल्पविराम, प्रथिनाची निवड, स्वल्पविराम, 'मोड=२'. दोन म्हणजे फक्त ध्रुवीय संपर्क. मोड शून्य राहिला तर मर्यादेतल्या सगळ्या अणुजोड्यांना रेघा जातात आणि चित्राचं कोळ्याचं जाळं होतं.
३. 'सेट_कलर' ने वरचा गडद निळा एका नावाने साठवा, मग 'कलर' ते नाव, 'एचबी'.
४. 'सेट डॅश_रेडियस, ०.०६, एचबी'. त्रिज्या दिली की जाडी रेणूच्या मापात ठरते, खिडकीच्या आकारावर अवलंबून राहत नाही.
५. 'सेट डॅश_गॅप, ०.३, एचबी'. मूळ फट ०.४५ आणि तुकडा ०.१५ असतो. २.९ अँगस्ट्रॉमच्या रेघेत त्याचे चारपाचच तुकडे बसतात आणि छोट्या चित्रात ती ठिपक्यांसारखी दिसते.

पाचवी तपासणी: रंग आपणहून वेगवेगळे आले

इथे प्रोग्रॅम काहीतरी सांगतो आहे. पुसण्याआधी वाचा.

रेघ अर्धी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची असेल (रॅसमॉल, जेमॉल या प्रोग्रॅममध्ये) तर बंधाने दोन टोकांच्या अणूंचे रंग घेतले आहेत. नायट्रोजनकडून निळा, ऑक्सिजनकडून लाल. 'कलर एचबॉन्ड्स' आणि हवा तो रंग दिला की सगळी एकसारखी होते. पुन्हा अणूंचे रंग हवे असतील तर 'कलर एचबॉन्ड्स नन'. व्हीएमडीत हीच गोष्ट कलरिंग मेथडमुळे होते. 'नेम'ऐवजी 'कलरआयडी' निवडून क्रमांक द्या. मात्र हायड्रोजन बंधांसाठी वेगळं रेप्रेझेंटेशन करा, नाहीतर काड्यांचे रंगही जातील.

कायमेराएक्समध्ये काही रेघा नारिंगी येण्यामागे कारण आहे. तिथले निकष मिल्स आणि डीन यांच्या १९९६च्या स्फटिक-सर्वेक्षणावर आधारलेले आहेत आणि बरेच काटेकोर आहेत. प्रत्यक्ष प्रथिनांत जागा थोड्या हललेल्या असतात म्हणून अंतरात ०.४ अँगस्ट्रॉम आणि कोनात २० अंश एवढी सूट दिली जाते. दोन रंगांचा पर्याय चालू असेल तर सुटीमुळे आत आलेले बंध नारिंगी होतात. ते सरसकट निळे करून टाकणं म्हणजे काठावर पास झालेल्यांना पहिल्या वर्गात बसवणं. लिगंडच्या मुख्य बंधांपैकी दोन नारिंगी असतील तर लेखात तसं लिहा.

आणि आता सगळ्यांत सुंदर पद्धत, जी आज फार कमी जण वापरतात. रॅसमॉलपासून आलेली आणि जेमॉलने जपलेली 'कलर एचबॉन्ड्स टाइप'. इथे रंग ठरतो तो हायड्रोजन देणारा आणि घेणारा रेसिड्यू साखळीवर एकमेकांपासून किती घरं दूर आहेत त्यावरून. अंतर अधिक २ असेल तर पांढरा, अधिक ३ किरमिजी, अधिक ४ लाल, अधिक ५ नारिंगी, उणे ३ आकाशी, उणे ४ हिरवा, आणि बाकी सगळे पिवळे. अल्फा हेलिक्समध्ये प्रत्येक कार्बोनिल चार घरं पुढच्या एनएचला बांधलेला असतो, म्हणून अख्खा हेलिक्स लाल उठतो. बीटा पदरांमध्ये जोडीदार साखळीवर लांब असतात, म्हणून ते पिवळे. वळणं किरमिजी.

पुन्हा क्रॅम्बिन उघडा, आता जेमॉलमध्ये. 'कॅल्क्युलेट एचबॉन्ड्स', मग 'कलर एचबॉन्ड्स टाइप', मग 'एचबॉन्ड्स ०.१' म्हणजे रेघा जाड होतील. ७ ते १९ आणि २३ ते ३० या हेलिक्समध्ये लाल रेघांची शिडी दिसते, ९ नंबरच्या अ‍ॅलनीनचा ऑक्सिजन १३ नंबरच्या फिनिलअ‍ॅलनीनच्या नायट्रोजनला धरतो ती त्यातलीच एक पायरी. हेलिक्सच्या टोकाशी लालऐवजी किरमिजी रेघ आली तर तिथे वेटोळं आवळलेलं आहे, चारऐवजी तीन घरांवर बंध झाला आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दुय्यम रचना शिकवायला याहून चांगलं चित्र नाही. फक्त हे चित्र लेखात द्यायचं तर रंगांची किल्ली सोबत हवीच. किल्लीशिवाय वाचक लाल म्हणजे 'बलवान' आणि पिवळा म्हणजे 'कमजोर' असं समजून बसतो, आणि त्याचा इथे काही संबंध नाही.

सहावी तपासणी: बंध फार कमी किंवा फार जास्त (पंधरा मिनिटं ते अर्धा दिवस)

हा भाग रंगाचा नसून नियमांचा आहे, पण तक्रार रंगाच्या नावाखाली येते: "निळ्या रेघा आल्याच नाहीत."

पहिला प्रश्न: फाइलमध्ये हायड्रोजन आहेत का? क्ष-किरण स्फटिकांच्या बहुतेक फाइलींत नसतात. १सीआरएनमध्ये ३२७ अणू आहेत आणि हायड्रोजन एकही नाही. पायमॉल आणि कायमेराएक्स जड अणूंच्या मांडणीवरून हायड्रोजन कुठे असेल याचा अंदाज घेऊन बंध काढतात. व्हीएमडीचं हायड्रोजन बंधांचं रेप्रेझेंटेशन मात्र दात्याला (हायड्रोजन देणाऱ्या अणूला) जोडलेला खरा हायड्रोजन शोधतं. तो नसेल तर पडदा रिकामाच राहतो. इथे रंग बदलत बसणं व्यर्थ. आधी हायड्रोजन घाला: पायमॉलमध्ये 'एच_अ‍ॅड', कायमेराएक्समध्ये 'अ‍ॅडएच', आणि मग ती फाइल साठवून व्हीएमडीत न्या.

दुसरा प्रश्न: निकष काय? व्हीएमडीची मूळ मर्यादा ३.० अँगस्ट्रॉम आणि सरळ रेषेपासून २० अंश. पायमॉलची आदर्श भूमितीत ३.६, कडेला ३.२, आणि कोन ६३ अंशांपर्यंत. लिगप्लॉट प्लसमध्ये दाता-ग्राही अंतर ३.३५ पर्यंत. पीएलआयपीत ४.१. तेव्हा एकाच रचनेत व्हीएमडीने सहा आणि पीएलआयपीने अकरा बंध दाखवले तर दोघंही आपापल्या नियमाने बरोबरच आहेत. तुलना करायची असेल तर दोन्हीकडे तेच आकडे घाला, आणि लेखात रंगासोबत हे आकडेही लिहा. रंगापेक्षा ते महत्त्वाचे.

व्हीएमडीत रेघांचा सुळसुळाट झाला तर निवड फक्त नायट्रोजन, ऑक्सिजन आणि त्यांच्या हायड्रोजनपुरती ठेवा, म्हणजे कार्बनच्या हायड्रोजनांवरून येणाऱ्या रेघा जातात. पाणी वगळायचं की नाही हेही आधीच ठरवा. पायमॉलच्या मेनूत द्रावक वगळण्याचा पर्याय वेगळा दिलेला आहे.

सातवी तपासणी: पडद्यावर एक, कागदावर दुसरं

चकचकीत निळा, आकाशी आणि किरमिजी हे पडद्याचे रंग छपाईच्या शाईत बसत नाहीत, मळके होतात. पायमॉलच्या डिस्प्ले मेनूत कलर स्पेस आहे. तिथे सीएमवायके निवडलं की छपाईत काय होणार याचा अंदाज पडद्यावरच येतो. अंतिम चित्र 'रे' कमांड देऊन काढा, रुंदी पिक्सेलमध्ये लिहून. एका कॉलमची आकृती साधारण ८.५ सेंटिमीटर असते, ३०० डीपीआयला म्हणजे सुमारे १००० पिक्सेल. मग ते चित्र करड्या रंगात बदलून एकदा बघा. रेघा तरीही काड्यांपासून वेगळ्या दिसल्या तर रंग टिकाऊ आहे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पडद्यावर तुटक रेघा सलग दिसतात किंवा लुकलुकतात, पण 'रे' दिल्यावर चित्र बरोबर येतं, अशा वेळी 'सेट यूज_शेडर्स, ०' देऊन बघा. त्याने सुधारलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. स्वतःचा संगणक असेल तर ड्रायव्हर नवा करा. लॅबच्या सामायिक यंत्रावर हे स्वतः करू नका, संगणक सांभाळणाऱ्याला सांगा, कारण ड्रायव्हर बदलला की त्यावरचे दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बंद पडू शकतात.

रेघ अ‍ॅस्परॅजिन किंवा ग्लुटामिनच्या टोकाला चुकीच्या बाजूने जात असेल, म्हणजे दात्यासमोर दाताच आला असेल, तर रंगाशी खेळू नका. क्ष-किरणांना त्या टोकाचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे ओळखणं कठीण, एका इलेक्ट्रॉनचाच फरक असतो. त्यामुळे गट उलटा बसवलेला असू शकतो. मोलप्रोबिटी हे साधन ही तपासणी करून उलटवायची सूचना देतं. ती सूचना लिगंडच्या जागेतल्या रेसिड्यूबद्दल असेल तर स्वीकारण्याआधी स्फटिकशास्त्र जाणणाऱ्याकडून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा बघून घ्या.

हिस्टिडीनचा प्रोटॉन कोणत्या नायट्रोजनवर, अ‍ॅस्पार्टिक आम्लावर प्रोटॉन आहे की नाही, लिगंडचा कोणता टॉटोमर (प्रोटॉनची जागा बदलून होणारं रूप), या तीन प्रश्नांवर तुमचा एखादा मुख्य बंध अवलंबून असेल तर प्रोग्रॅमने आपोआप घातलेल्या हायड्रोजनांवर विसंबू नका. प्रथिन-रसायन जाणणाऱ्या व्यक्तीला पीएच आणि शेजारचे गट सांगून विचारा.

रचनेचं रिझोल्यूशन ३ अँगस्ट्रॉमपेक्षा वाईट असेल, किंवा त्या रेसिड्यूची घनताच दिसत नसेल, तर ठरावीक दोन अणूंमध्ये ठाम रेघ काढण्याआधी रचना ज्यांनी सोडवली त्यांना किंवा जवळच्या स्फटिकशास्त्र गटाला विचारा. उत्तर येईपर्यंत त्या आकृतीतून रेघ हटवून ठेवा आणि अंतर मजकुरात 'सुमारे' लावून लिहा.